धावपट्टीशेजारचे सहा गुंठे

कोल्हापुरात ज्याच्याकडे विमान आहे तो माणूस श्रीमंतच असणार, असा सगळ्यांचा ठाम समज होता. माझ्याकडे विमान होतं आणि आम्ही राजारामपुरीच्या एका मागच्या गल्लीत भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. विमान होतं म्हणूनच घर नव्हतं, इतकी ही साधी गोष्ट. पण ती सांगितली की लोक हसायचे आणि मी काहीतरी लपवतोय असं समजून डोळे मिचकावायचे.

उद्यमनगरात माझं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग आम्ही बनवायचो. तरुणपणी बेंगळुरूला नोकरी करत असताना विमान चालवायला शिकलो होतो आणि परवाना जिवापाड जपला होता. नव्वदीच्या मध्यावर दक्षिणेतल्या एका बंद पडलेल्या क्लबाने आपलं जुनं विमान विकायला काढलं. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान. शाहूपुरीत एखाद्या गाळ्याला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात ते मिळालं. नाकापेक्षा मोती जड, असं माझे मेहुणे माझ्या तोंडावर म्हणाले. मी रागाने दोन महिने त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही.

विमान उजळाईवाडीच्या धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये असायचं. त्या वर्षांत तिथे प्रवासी विमान कधी यायचं, कधी वर्षभर फिरकायचं नाही. कुंपण नावालाच होतं. कुंपणापलीकडे एका लिंगायत शेतकऱ्याचा ऊस आणि त्याचं घर. तो माझ्या शेडवर लक्ष ठेवायचा. त्याची आई, जिला तो अव्वा म्हणायचा म्हणून आम्हीही अव्वाच म्हणायचो, ती शेडसमोरचं अंगण रोज झाडायची. विमान तिच्या दृष्टीने गोठ्यातल्या जनावरासारखंच होतं. माणूस जवळ पाहिजे, नाहीतर ते वाळतं, असं ती मला ऐकवायची.

ते मला पटायचं. विमानाचा मालक शहरात राहिला की त्याचे हाल कुत्रं खात नाही. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा उडायला मजा. मी स्कूटर काढून, राजारामपुरीतल्या सायकली, रिक्षा आणि दुधाच्या गाड्या चुकवत, विद्यापीठावरून हायवे ओलांडून तिथे पोचेपर्यंत वारा उठलेला असायचा. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की वर्कशॉपमध्ये माझं लक्ष लागायचं नाही. एकदा गारा पडत असताना हेल्मेट घालून आठ-नऊ किलोमीटर गेलो, विमानाचे दोर आवळून बांधले आणि तापाने तीन दिवस अंथरुणात पडलो. बायकोने काढा दिला, पण बोलली नाही. न बोलणं हे तिचं बोलणंच असतं.

आता बायकोविषयी. ती राजारामपुरीत गणिताचा क्लास घ्यायची, नववी-दहावीचा. उसन्या खोलीत चार मुलींवर सुरू केलेला क्लास तोवर तीन बॅचवर गेला होता. राजारामपुरीत क्लासेसना तोटा नव्हता, प्रत्येक बोळात एक पाटी. पण हिच्या क्लासची एक रीत होती, ती दुसरीकडे नव्हती. गणित अडलं की मुलांनी केव्हाही घरी यायचं. दुपारी, जेवणाच्या वेळी, रविवारी, केव्हाही. ‘अडलेलं गणित रात्रभर ठेवलं की आंबतं,’ असं ती म्हणायची. आमच्या दारात कायम दोन-तीन जोडी चपला आणि एखादी आडवी पडलेली सायकल असायची. मी जेवत असलो तर समोर कुणीतरी वही उघडून बसलेलं असायचं आणि ती पोळी लाटता लाटता विचारायची, ‘दुसऱ्या पायरीला काय केलंस ते वाच.’ तिचा क्लास म्हणजे भाड्याचा हॉल आणि फळा नव्हे, तर हा दाराचा उंबरा होता. हे मला चांगलं कळत होतं. कळत असूनही मी जे केलं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी खोल्या मागितल्या. माणूस भला होता, सहा महिन्यांची मुदत दिली. आम्ही ठरवलं की आता भाड्याचं बस, आपलं घर घेऊ. कुठे, यावर मात्र पहिल्या दिवशीच अडलं.

शाहूपुरीतल्या एका एजंटाकडे मी गेलो. त्याने आधी साधा चहा सांगितला.

‘पावणं, काय करतासा?’

‘वर्कशॉप हाय उद्यमनगरात.’

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला एक गृहस्थ म्हणाला, ‘अवो, हे इमानवाले न्हवं का?’

एजंटाने खुर्ची माझ्याकडे पूर्ण वळवली. चहा परत पाठवून बशीत बिस्किटं घालून दुसरा मागवला. आणि ज्या फ्लॅटची त्याने नुकतीच एक किंमत सांगितली होती, त्याच फ्लॅटची दुसरी, वाढीव किंमत त्याच्या तोंडून बाहेर पडली. मी घासाघीस करायला लागलो तर तो दुखावला.

‘ज्यानं इमान घेतलंय त्यानं असल्या बारक्या रकमेपायी तोंड वंगाळ करायचं व्हय? लोक काय म्हणतील?’

‘लोकांनी घेऊन द्यावा मग फ्लॅट,’ मी म्हणालो आणि उठलो. बिस्किटं खाल्ली नाहीत, याचं नंतर वाईट वाटलं.

पुढे मी विमानाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं, पण कोल्हापुरात काही लपत नाही. एका बिल्डरने तर गच्ची दाखवून विचारलं, ‘हितंच उतरवा की. पाण्याची टाकी जरा सरकवून देतो.’ तो चेष्टा करत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

राजारामपुरीतच, क्लासपासून चालत पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बायकोला आवडला होता. त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. मी नावं ठेवली. पार्किंग अरुंद आहे म्हणालो, खाली दवाखाना आहे, सतत माणसांची ये-जा असणार म्हणालो. गच्चीत जाऊन उजळाईवाडीच्या बाजूला पाहिलं तर समोर दुसऱ्या इमारतीचे कपडे वाळत होते. मला घरातून धावपट्टीवरची वाऱ्याची पिशवी दिसायला हवी होती. ती फुगली की वारा आहे, लोंबली की नाही. राजारामपुरीतून ती दिसणं शक्यच नव्हतं.

त्याच सुमाराला शेतकऱ्याने विषय काढला. रस्त्याच्या कडेचे सहा गुंठे तो द्यायला तयार होता. ‘दुसरा कोन आला तर मी दाराशी उभा करनार न्हाय. पर तुमी घर बांधत असलासा तर घ्या. अव्वा बी म्हनतीया, जनावर हितं आनि धनी तिकडं, हे काय बरं न्हाय.’

मी त्या सहा गुंठ्यांत उभा राहिलो. शेड हाकेच्या अंतरावर होती. वाऱ्याची पिशवी नाकासमोर. मला त्या जागी घर दिसायला लागलं. व्हरांडा, पुढे जाळीचं दार, उठलं की चहा घेऊन सरळ विमानाकडे. सांगायला लाज वाटते, पण त्या घरात मला बायको कुठे दिसली नाही.

मी विषय काढला तेव्हा ती वह्या तपासत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुम्हाला विमानाशेजारी राहायचंय आणि मला मुलांशेजारी. यात उत्तर निघत नाही.’

‘क्लास काय, कुठेही चालतो.’

‘विमान कुठेही चालत नाही का?’

मी चिडलो. मी चिडलो की आवाज चढतो आणि मुद्दा राहतो बाजूला. वर्कशॉपमधली कामगार मंडळी याला ‘भट्टी पेटली’ म्हणायची. महिनाभर भट्टी पेटत आणि विझत राहिली. तेवढ्यात मुदतीतले तीन महिने संपले. शेवटी दसरा जवळ आला तेव्हा तिनेच तोड काढली. तोवर ती एकदाही विमानात बसली नव्हती. क्लास, आमची शाळकरी मुलगी, घर, काही ना काही कारण असायचं, आणि खरं कारण भीती हे होतं. ती म्हणाली, ‘दसऱ्याला क्लास बंद आहे. मला वरून दाखवा तो प्लॉट, आणि तिथून राजारामपुरी किती लांब आहे तेही दाखवा. पटलं तर मी हो म्हणेन. नाही पटलं तर पुन्हा हा विषय घरात निघणार नाही.’

सीमोल्लंघनाला नवरा-बायको असे निघालेले आमचे आम्हीच असू.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. मी दिवसभर वर्कशॉपमध्ये होतो. सगळी मशीनं धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून पूजा झाली. विमानाची पूजा दरवर्षी मीच वर्कशॉप आवरून संध्याकाळी करायचो. त्या वर्षी उशीर झाला म्हणून शेतकऱ्याला निरोप पाठवला की तुमच्या ट्रॅक्टर-पंपाबरोबर आमचंही उरकून घ्या. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पूजा कुणीही केली तरी यंत्राला पोचते.

दसऱ्याला दुपारचं जेवण करून आम्ही उजळाईवाडीला गेलो. विमान नवरीसारखं नटलं होतं. पुढच्या पंख्याला माळ, दारावर हळद-कुंकू, सगळीकडे विभूतीचे तीन-तीन पट्टे. मी माळ काढून शेडच्या दाराला बांधली, पंखांवरची फुलं झटकली. विमान उडवायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची असते. हात लावून, वाकून, एकेक जागा तपासायची. ती मी मारली. पण तोंड चालू होतं. इथे व्हरांडा येईल, इथे तुझी खोली, इकडून हायवे जवळ, शहरात जायला गाडी सहज मिळते.

डाव्या पंखाखाली करंगळीएवढी एक नळी असते. उडताना वारा तिच्यात शिरतो आणि त्याच्या जोरावर आतला वेगाचा काटा हलतो. तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते, म्हणून तिला मी लाल फीत लावलेली कापडी टोपी घालत असे. उडताना टोपी काढायची, आणि काढताना आत डोकावायचं. त्या दिवशी टोपी आधीच काढलेली, घडी करून स्टुलावर ठेवलेली होती. टोपी निघाली आहे, ठीक आहे, असं मी मनात म्हटलं आणि पुढे बोलत राहिलो. ती कुणी काढली, हा प्रश्न मला पडला नाही.

बायको कानात कापूस घालून, पदर कमरेला घट्ट खोचून शेजारी बसली. धावपट्टीवर विमान पळायला लागलं की वेगाचा काटा वर येतो का, हे बघायचं असतं. नाही आला तर तिथेच थांबायचं. पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. मी काट्याकडे बघितलं नाही. मी डाव्या बाजूला बोट दाखवून ओरडत होतो, ‘तो बघ, तो बघ, आपला प्लॉट!’

विमान उचललं गेलं. शेतं खाली गेली. ऊस, ऊस, मध्येच एखादं कौलारू घर. मी वळण घेतलं. तिने आधी डोळे मिटले होते, ते उघडले. मग तिने खिडकीला नाक लावलं आणि ती जी ओरडायला लागली ती थांबेना.

‘ते विद्यापीठ ना? मग राजारामपुरी? ती? अहो, ही तर इथेच आहे! रंकाळा पण दिसतोय!’

मी तिच्याकडे बघून हसलो आणि मग समोर बघितलं. वेगाचा काटा शून्यावर होता.

मी त्या काचेवर बोट मारलं. काटा हलला नाही. त्याच क्षणी तिने माझ्या दंडाला हात लावला आणि कानाशी येऊन म्हणाली, ‘चालेल मला. घेऊ तो प्लॉट.’

वेग कमी पडला तर असं विमान तरंगत नाही, खाली बसतं. जास्त झाला तर उतरताना धावपट्टी पुरत नाही. काटा नसताना हे दोन्ही कानाने आणि ढुंगणाने ओळखावं लागतं. शिकताना ते एकदा केलं होतं, तेव्हा शेजारी गुरू बसले होते. मी भ्यालो. उगाच शब्द फिरवत नाही, चांगलाच भ्यालो. इंजिनचा आवाज ओळखीचा होता, तो तसाच ठेवला. उतरताना विमानाचं नाक क्षितिजाच्या किती खाली असतं ते आठवलं. धीर येईपर्यंत दोन फेऱ्या जास्त मारल्या. तिला वाटलं, मी खुशीत येऊन गाव दाखवतोय. ती बिद्रीच्या बाजूच्या उसाकडे बोट दाखवत होती, मला काहीबाही विचारत होती आणि मी मान हलवत होतो.

उतरताना वेग जास्तच ठेवला, कमी ठेवायची छाती नव्हती. विमान टेकायलाच तयार होईना. टेकलं ते दोनदा उसळलं आणि धावपट्टीचं टोक अगदी जवळ आलं तेव्हा थांबलं. बायको हसत होती. ‘सिटी बसचा ड्रायव्हर बरा की तुमच्यापेक्षा,’ ती म्हणाली.

शेडपाशी अव्वा उभी होती. बायकोने तिला वाकून नमस्कार केला, आपट्याची पानं दिली. अव्वाने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, ‘कशी झाली रं तम्मा फेरी? काल मी लई मनापास्नं पूजा घातली बग. त्या नळीचं टोपडं काढलं आदी. देवाला झाकून कोन पुजतंय व्हय? पंखावर फूल ऱ्हाईना, घसरायलं. मग देठ त्या भोकात खोवला, तवा ऱ्हायलं.’

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या म्हातारीने मला त्या दिवशी भाऊ म्हटलं आणि मी तिला काय बोलणार होतो? फूल मी झटकलेल्या फुलांबरोबरच गळून गेलं असावं, देठ आत राहिला होता. ती बायकोला चहाला घरात घेऊन गेल्यावर मी तारेच्या आकड्याने तो बाहेर ओढला. बोटाच्या पेराएवढा होता, वर गंध लागलेलं. मी तो उसात फेकला. मग शेतकरी आला, त्याच्यावर ट्रॅक्टर वाटेत का लावला म्हणून ओरडलो. ट्रॅक्टर वाटेत नव्हता.

चूक अव्वाची नव्हती. पूजा करणाऱ्याने पूजा केली. विमान तपासणं माझं काम होतं आणि मी ते व्हरांड्याच्या गप्पा मारत केलं होतं. मनाने मी त्या घरात राहायला गेलोच होतो आणि विमान माझ्या अंगणातलं झालं होतं. अंगणातल्या वस्तूकडे माणूस नीट बघत नाही. तिथे खरोखर राहायला गेलो तर हे रोज होणार, हे मला लख्ख दिसलं.

परत येताना बायको स्कूटरवर मागे बसून बोलत होती. सकाळची बॅच ती सोडणार होती. दुपारच्या दोन ठेवणार होती. मुलांना अडलं तर आठवड्यातून एकदा येतील, घेऊ सांभाळून. तिने आपल्या क्लासचे हातपाय स्वतःच तोडायला घेतले होते, आणि तेही हसतमुखाने, कारण मी तिला आकाशातून गाव दाखवलं होतं. विद्यापीठाच्या फाटकापाशी मी म्हणालो, ‘नको.’

‘काय नको?’

‘प्लॉट नको. तुझा क्लास मोडायचा नाही. तो तिसऱ्या मजल्यावरचाच फ्लॅट घेऊ.’

माझ्या खांद्यावरची तिची पकड घट्ट झाली. पुढच्या चौकात मी मान वळवली तर ती रडत होती. खरं सांगायची ती वेळ होती. मी गियर बदलला.

फ्लॅट घेतला. राजारामपुरीने आम्हाला सुखात ठेवलं, हे मान्य करायला हवं. दारात चपलांचा ढीग वाढला. खालच्या दवाखान्यातले पेशंटसुद्धा कधी कधी मुलाला घेऊन वर यायचे, ‘तेवढं भूमितीचं बघता का?’ म्हणून. मी महिन्यातून दोनदा उजळाईवाडीला जायचो, विमानाभोवती दोन फेऱ्या मारायचो, तोंड बंद ठेवून. आणि बायको सगळ्यांना सांगायची. नातेवाइकांना, विद्यार्थ्यांच्या आयांना, अगदी माझ्या त्या मेहुण्यांना. ‘यांनी माझ्या क्लाससाठी धावपट्टीशेजारचं घर सोडलं.’ मेहुणे माझ्याकडे नव्या नजरेने बघायला लागले. मी पानात बघून जेवायचो. पहिल्या वर्षी ते ऐकून अंगावर काटा यायचा. नंतर यायचा बंद झाला. खोट्या कौतुकाचीही सवय होते.

आठेक वर्षं गेली. मुलगी शिकायला पुण्याला गेली. अव्वा वारली. एका रविवारी शेतकरी पिशवीभर वांगी घेऊन आमच्याकडे आला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, ‘रस्त्याकडंच्या जमिनीला लई गिऱ्हाईक लागलंय आता. पर त्या सहा गुंठ्यांला मी हात लावल्याला न्हाय. पयला शबूद तुमाला दिल्याला. घेतासा का सोडतासा, तेवढं सांगा.’

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘घेणार आम्ही.’

तो गेल्यावर तिने सगळं मांडलं. तिने मनाशी कधीच ठरवून ठेवलं होतं. क्लास ती एका जुन्या विद्यार्थिनीच्या हवाली करणार होती. पोरगी हुशार होती, तयार होती, उद्या सकाळी तिला बोलवायचं होतं. हा फ्लॅट विकायचा आणि त्या सहा गुंठ्यांत घर बांधायचं. ‘तुम्ही माझ्यासाठी सोडलंत ना ते? आता माझी पाळी. तुमची पन्नाशी उलटली. अजून किती वर्षं उडवणार? जेवढी आहेत तेवढी विमानाशेजारी काढा.’

त्या क्षणीही दारात दोन जोड्या चपला होत्या. आतल्या खोलीत दोन मुली गणित सोडवत बसल्या होत्या.

मी तिला गॅलरीत नेलं आणि सांगितलं. टोपी, देठ, काटा, सगळं. भट्टी पेटू न देता, एका सुरात. तिने मध्ये तोडलं नाही. मुलं उत्तर सांगतात तेव्हा ऐकते तशी, मान थोडी कलती करून ऐकत राहिली. मग विचारायला लागली.

‘काटा किती दाखवत होता?’

‘शून्य.’

‘किती हवा होता?’

मी सांगितलं.

‘आणि तुम्हाला केव्हा कळलं?’

‘तू चालेल म्हणालीस, तेव्हाच.’

‘म्हणजे मी हो म्हणत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की आपण दोघं कदाचित...’ तिने वाक्य पुरं केलं नाही. आत एका मुलीने ‘बाई’ म्हणून हाक मारली. ‘आले, दुसरं घे तोवर,’ ती तिकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

‘क्लासशेजारचा हॉल विकायला निघाला होता, आठवतं? दोन भिंती पाडल्या असत्या तर माझा क्लास दुप्पट झाला असता. त्याच वर्षी तुम्ही विमानाचं इंजिन दुरुस्तीला काढलंत, सगळे पैसे तिकडे गेले. मी हॉलचं नाव काढलं नाही. ह्यांनी माझ्यासाठी घर सोडलं, मी एक हॉल सोडू शकत नाही का, असं म्हटलं. विमान विका, असं आठ वर्षांत एकदा तरी म्हणाले का मी? ओठांवर आलं की गिळायची. आठ वर्षं मी तुमचे उपकार फेडत बसले होते.’

मला हे काहीच माहीत नव्हतं. हॉल तर मला आठवतही नव्हता. मी तिच्या हाताला हात लावायला गेलो, तिने हात कठड्यावर ठेवला.

‘चुकलं माझं,’ मी म्हणालो. ‘त्या दिवशी घरी आल्यावर तरी सांगायला हवं होतं.’

‘घरी आल्यावर?’ ती म्हणाली. ‘घरी आल्यावर कशाला? तिथंच सांगायचं होतं. मी शेजारीच बसले होते की.’